तुडुमाचा दांडा

सौंदड,
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

प्रिय मंजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून शेवटी पोस्टात गेले. तिथल्या निर्मलाबाई पाकीट देताना म्हणाल्या, "कायले व दुर्गेश्वरी, तुह्या घरचं नेट बंद आहे का?" म्हटलं, नेट जोरात आहे, माणूस बंद आहे. हसू नकोस. नाही, हसच. तीन वर्षं झाली तुझं ते खो-खो हसणं ऐकून.

आधीच सांगून ठेवते, मला तुझ्याकडून काहीतरी हवं आहे. काय ते शेवटी सांगेन. आत्ता सांगितलं तर तू इथेच 'नाही' म्हणशील आणि पुढचं वाचणार नाहीस, तुझी खोड मला माहीत आहे. पण मी मस्करी करत नाहीये. वसुबारसेच्या आत तुझं उत्तर आलं नाही, तर माझ्या कामाची सगळी सूत्रं चुकीच्या माणसांच्या हातात जातील आणि दिवाळीनंतर धान घेऊन येणाऱ्या लोकांना त्याचा पत्ताही लागणार नाही. एवढं डोक्यात ठेव आणि वाच.

पुण्यातलं ते कॅन्टीन आठवतं ना? घरपोच औषधांच्या त्या कंपनीत आपण दोघीच गोंदिया जिल्ह्याच्या, तू अर्जुनी मोरगावची आणि मी सौंदडची. पहिल्याच दिवशी तू बजावलंस की ताई-बिई म्हणायचं नाही, आणि मग सख्ख्या ताईने दिला नसता एवढा त्रास दिलास. प्रॉडक्ट मॅनेजरचं काम मी तुझ्याकडूनच शिकले. मी कुठलीही नवी कल्पना घेऊन आले की तू चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायचीस, 'हे कुणासाठी?' अख्ख्या टीमला त्या प्रश्नाची धडकी भरायची. मी राजीनामा दिला तेव्हा तर तू भर कॅन्टीनमध्ये आपल्या बोलीवर घसरलीस, "जुगाराले नवीन नाव देऊन राहिली का तू? उद्या तुह्या प्रोग्राममधी चूक निघाली त बापाच्या वयाचे लोक रडतीन, मंग काय करशीन?" मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, तू बस इथे बटणाचा रंग बदलत म्हातारी होईपर्यंत. ते मी आजही मागे घेणार नाही, कारण गेल्या महिन्यात ते ॲप उघडून बघितलं. बटण हिरवं झालंय.

पण तुझा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं, आता आहे, आणि ते तुला ऐकावं लागेल.

आमच्या कंपनीचं नाव मी ठेवलं, 'ढोली'. बाकीची मंडळी बंगळुरूची, त्यांना वाटलं काहीतरी ढोल-ताशाचं असेल. मग आजीच्या घरातल्या, धान साठवायच्या बांबूच्या ढोलीचा फोटो दाखवला. काम सांगायला सोपं आहे. शेतकरी गोदामात धान ठेवतो, त्याची पावती आम्ही ब्लॉकचेनवर नोंदवतो. एक पोतं म्हणजे एक टोकन. ते विकता येतं, गहाण ठेवता येतं, मुलीच्या नावावर करता येतं, आणि गोदामवाला, व्यापारी किंवा खुद्द आमची कंपनी त्या नोंदीत खाडाखोड करू शकत नाही. आमच्या टोकनचा रोज वरखाली होणारा भाव नाही, त्यामुळे जुगार म्हणायची तुझी सोय नाही. आई मात्र अजून शेजारी सांगते, दुर्गी कंपनीत लोकांचं ऐकून घ्यायचं काम करते. तुझ्या माझ्या कामाची याहून बरी व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

आता तुला झोंबेल असं एक सांगते. तू शिकवलेलं पहिलंच तत्त्व इथे चालत नाही. सकाळी सोडा, दुपारी लोक काय करतात ते बघा, बिघडलं तर संध्याकाळी मागे घ्या. औषधांच्या ॲपवर आपण हे किती वेळा केलं! इथे नियम लिहून एकदा ब्लॉकचेनच्या साखळीवर चढवले की ते तिथेच राहतात. संध्याकाळी मागे घ्यायला काही नसतं. चूक राहिली तर चूकच कायदा होऊन बसते. बंगळुरूच्या पोरांना हे समजावून सांगताना मी थकले, शेवटी त्यांना इथे आणून आमच्या तलावाच्या पाळीवर उभं केलं. आम्ही कोहळी लोक, आमच्या पणज्यांनी हे तलाव बांधले. म्हटलं, ही पाळ बघा, पाणी भरल्यावर ही दोन हात इकडे सरकवता येत नाही, म्हणून आधी उन्हाळाभर नुसतं हिंडून जमीन बघायची असते. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नियम आधी साध्या मराठीत कागदावर लिहिला जातो, गोदामावर वाचून दाखवला जातो, मग बाहेरची माणसं त्यात भोकं शोधतात, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. तू बघितलं असतंस तर सुस्कारा सोडला असतास, हे किती सावकाश म्हणून.

दुसरा फरक असा, की समोरचा माणूस कोण आहे हे आम्हाला कळतच नाही. तिकडे आपल्याला गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, वय, त्याचा रक्तदाब, सगळं माहीत असायचं. इकडे दिसतो फक्त अक्षरांचा आणि अंकांचा एक लांबलचक पत्ता. त्यामागे माणूस आहे की आणखी काही, देव जाणे. पहिल्या वर्षी मी उत्साहाने जाहीर केलं, की नवीन शेतकरी जोडून देईल त्याच्या गोदामभाड्यात सूट. सडक अर्जुनीला हायवेवर चुन्नीलालचा ढाबा आहे, त्याचं थोडं धानही आमच्याकडे असतं. त्याने महिन्याभरात इतके शेतकरी जोडले की तिकडे बंगळुरूत टाळ्या वाजल्या. आमच्या चर्चेचं पान सगळ्यांना खुलं असतं, कुणीही टोपणनावाने येऊन लिहू शकतं. तिथे 'बोडी', म्हणजे आपल्याकडचं लहान तळं, अशा नावाने कुणीतरी दोन ओळी टाकल्या, एका ढाब्यामागे इतके शेतकरी कुठून आले, आणि ही सूट नक्की कुणासाठी? मी दुसऱ्या दिवशी ढाब्यावर गेले. चुन्नीलालने ढाब्यामागे नेऊन मोठ्या अभिमानाने एकेक शेतकरी दाखवला. बकऱ्या, मंजू! प्रत्येक बकरीच्या नावाने एक खातं. मी कपाळाला हात लावला तर तो म्हणतो कसा, "मॅडम, कानून में कहाँ लिखा है कि बकरी नहीं चलेगी?" खरंच लिहिलं नव्हतं. तिकडे लोक नियमाला वळसा घालतात, इकडे नियमच अक्षरशः पाळतात, आणि त्याचा ताप जास्त.

तिसरी गोष्ट ऐक, ही मी खास तुझ्यासाठी जपून ठेवली आहे. आमच्याकडे पासवर्ड विसरलात तर 'विसरलात का?' असं बटण नसतं. खातं उघडताना बारा शब्द मिळतात, तेच किल्ली. ते हरवले की धान गेलं, आणि दुसऱ्याला कळले की धान त्याचं. जगभर हे शब्द इंग्रजीत असतात. मी हट्ट धरला की आमचे मराठीत असतील आणि तेही झाडीपट्टीतले. आठवडी बाजारात, चुलीपाशी, धानाच्या बांधीत चिखल तुडवत हिंडून शब्द गोळा केले. कोंबडा, कुलूप, सूप, जांभूळ, पाट, चांदणी, असले. लोकांच्या लक्षात राहावेत हाच हेतू. आणि राहिले की! आमच्या गोदामात धान ठेवणाऱ्या शकुंतलाबाईंनी खातं उघडलं ते ऐन रोवणीच्या दिवसांत. मी त्यांना तीनदा सांगितलं, कागदावर ठेवू नका, पाठ करा. त्यांनी बांधीत उतरल्या-उतरल्या त्या बारा शब्दांचं गाणं केलं. कोंबड्यानं कुलूप लावलं, चांदणी पाटावर बसली, असं काहीतरी. चाल इतकी गोड लागली की दुपारपर्यंत रोवणीच्या सगळ्या बाया एका सुरात त्यांची किल्ली गात होत्या. मी स्कूटी घेऊन धावले तेव्हा पल्याडच्या बांधीतूनही तेच ऐकू येत होतं.

धानाचा दाणाही हलला नाही. कुणाच्या मनातच आलं नाही तसं. चिखलातच उभं राहून मी शकुंतलाबाईंचं धान नव्या खात्यावर नेलं, आणि त्या कमरेवर हात ठेवून मलाच विचारत होत्या, "काऊन व, गाणं खराब होतं का?" गाणं चांगलंच होतं. माझा नियम अपुरा होता. घरादारातली, शेजारची चार माणसं साक्षीला उभी राहिली तर हरवलेली किल्ली परत मिळावी, अशी सोय करायला हवी होती. पण साखळीवर चढवलेल्या नियमांत ती बसवायला जागाच नव्हती. कुणी बदलू नये म्हणून आम्ही ते इतके घट्ट केले होते की आम्हालाही बदलता येईनात. तुझं कॅन्टीनमधलं बोलणं त्या दिवशी फार आठवलं. रडलं कुणी नाही, पण रडू शकलं असतं.

म्हणून यंदा आम्ही सगळं नव्याने बांधलंय. नव्या नियमांत साक्षीदारांची ती सोय आहे, आणि पुढे बदलही करता येईल, पण एकट्याला नाही. पाच माणसांकडे पाच किल्ल्या. त्यातल्या तिघांनी सही केली तरच नियम हलणार. एक किल्ली आमच्या संस्थापकांकडे, एक पैसे घालणाऱ्यांच्या माणसाकडे, एक मुख्य इंजिनिअरकडे आणि एक माझ्याकडे. पाचवी जागा रिकामी आहे. संस्थापकांनी तिथे आपल्या कॉलेजच्या मित्राचं नाव सुचवलंय. माणूस सज्जन आहे, फक्त ते नुसते शिंकले तरी हा अंगठा वर करतो. म्हणजे ते, पैसेवाले आणि हा मित्र, तीन झाले. मग गोदामातल्या धानाचे नियम एखाद्या दुपारी, चहा पिता पिता बदलता येतील, आणि माझी किल्ली शोभेची राहील. मी भांडले. जोरात भांडले, तुझ्या तालमीत तयार झालेली आहे. ते म्हणाले, बरं, वसुबारसेच्या आत तुझं नाव आण, पण ती व्यक्ती या कामातली पाहिजे आणि कंपनीच्या पगारावर नको. चार दिवस मी डोकं खाजवत होते. सगळी नावं माझ्या बाजूची निघत होती. माझ्याच बाजूचं माणूस बसवायचं असेल तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

त्याच आठवड्यात इकडे तलावाचं पाणी सोडायची वेळ आली. भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान आता गर्भावर आहे, हे एक पाणी मिळालं की ते भरतं. आमच्या तलावाची एक रीत मी तुला कधी सांगितली नसेन, मला स्वतःलाच तिचं कधी विशेष वाटलं नव्हतं. तलावाचं पाणी जिथून पाटात सुटतं ते तुडुम. त्यावर लोखंडी झडप आहे, आणि ती फिरवायचा दांडा काढून वेगळा ठेवतात. तलाव आमच्या पणज्याने बांधला, त्याची राखण आजही माझे बाबा करतात, पण दांडा आमच्या घरी कधीच नसतो. तो असतो बकारामकाकांच्या घरी. का, तर आमच्या दोन घरांचं पटत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून, दोन शेतांमधल्या एका धुऱ्यावरून. गावाने ठरवलेलंच आहे, ज्याच्याकडे तलाव त्याच्या भांडणाऱ्याकडे दांडा. लग्नाला एकमेकांकडे जात नाहीत, रस्त्यात समोर आले तर एकजण बैलांकडे बघतो. पण पाणी सोडायच्या दिवशी बाबांना, म्हणजे उमराव पाटलांना, टोपी घालून बकारामकाकांच्या ओसरीवर जावं लागतं, आणि काकांना त्यांच्यापुढे पाट मांडावा लागतो, तांब्या ठेवावा लागतो.

यंदा मीही मागे मागे गेले. काका म्हणाले, "नाही देत. शेवटच्या बांध्यांकडचा पाट गवतानं भरून आहे. पानी सोडशीन त तुह्याच वावरात मुरन." बाबांचे कान लाल झाले. घरी येऊन त्यांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन स्वतः पाट साफ करायला गेले, आणि बघते तर दुसऱ्या टोकाकडून बकारामकाका साफ करत येत होते. मधोमध दोघं भेटले. बोलणं काही गोड नव्हतं, गवत कुणी जास्त काढलं यावरूनच वाजलं. पण परवा पाणी सुटलं आणि शेवटच्या बांधीत पोचलं. मी पाळीवर बसले होते, मांडीवर लॅपटॉप, संस्थापकांचा मेसेज आलेला, नाव कुठे आहे? आणि मला एकदम कळलं की नाव माझ्याकडे तीन वर्षांपासून आहे.

पाचवी किल्ली तू घे, मंजू. ओळखलंच असशील तू एव्हाना. तुझा या धंद्यावर राग आहे, माझ्यावरही आहे, म्हणून तू माझ्या तोंडाकडे बघून सही करणार नाहीस. संस्थापकांना मी तुझं नाव कळवलं आहे, 'तिची संमती यायची आहे' असं लिहून. आणि आता टोपणनावामागे लपू नकोस. बकऱ्यांच्या वेळेपासून 'बोडी' आमच्या पानावर येते. साक्षीदारांच्या नियमावर तिने सलग तीन आठवडे आमचं डोकं खाल्लं, आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, हे कुणासाठी? मंजू, उभ्या पुण्यात हा प्रश्न विचारणारी एकच बाई मला माहीत आहे. तू माझे फोन उचलले नाहीस आणि माझं प्रत्येक अक्षर वाचत राहिलीस. मीही ते ओळखून गप्प राहिले, कारण बोलले असते तर तू तिथूनही उठून गेली असतीस. तू 'नाही' म्हणू शकतेस. तुला नाही म्हणता येतं म्हणूनच तर ही किल्ली तुझी. पण धान, नियम, संस्थापक, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी ओसरीवर मला वेगळंच काही दिसलं. दांडा काकांकडे आहे म्हणून आमच्या दोन घरांचं बोलणं पुरतं कधी तुटलंच नाही. वर्षातून एकदा जावंच लागतं, पाट मांडावाच लागतो. तुझ्या दारात यायला मलाही असंच एखादं कारण हवंय, तुला परतवून लावता येणार नाही असं. मला तुझी फार आठवण येते. तू किल्ली घे, सही मात्र लगेच करू नकोस. मी मागायला येईन तेव्हा पाट मांड आणि आधी भांड.

तुझ्याशी भांडायला आसुसलेली, तुझीच,
दुर्गी